माळ पूर्ण होईपर्यंत

चि. संस्कृती,

रडून रडून झोपलीस, म्हणून उठवलं नाही. केसांचं काय करायचं ते कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये विचारून येते. भगर झाकून ठेवली आहे, खाऊन घे.

ब्लीच केलेल्या केसांचा पिवळेपणा जायला लावलेला तो जांभळा टोनर वीस मिनिटांत धुवायचा होता. नळ कोरडा, तुझ्या डोळ्यांत टोनर गेलेला. "आई, पाणी घाल की गं!" अशी तीनदा ओरडलीस. मला ऐकू आलं होतं. पण जपातून उठायचं नाही, हा माझा नेम.

माळ संपवून आले, तर केस राखेसारखे झालेले. मोरीत तू पाठमोरी बसलेली. मला वाटलं, आजीच बसल्यात.

दोन वर्षांपूर्वी त्याही पाणीच मागत होत्या. तेव्हाही माझी माळ अर्धी होती. ती पुरी करून तांब्या घेऊन गेले, तोवर त्यांचा हात गार पडला होता. हे तुझ्या बाबांनाही मी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी जपाला बसले की मला एक हाक मार. काही काम नसलं तरी मार. मी उठते का, ते मला बघायचंय.

आई