दादांच्या जोत्याएवढेच

लिहून ठेवणार सावळीराम पुंजा विधाते, वय ७१, धंदा फूलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक. माझे डोके आज ठिकाणावर आहे. आमच्या वत्सलाबाईंचे मत वेगळे असेल, पण मृत्युपत्र माझे आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, करून कोणाचे चालणारही नाही.

१. मळ्यातील वीस गुंठे आणि विहिरीचा हिस्सा मुलगा ज्ञानेश यास. झेंडूच लावावा. गुलाबाच्या नादी मी १९९८ साली लागलो होतो, घरचे अजून हसतात.

२. राहते घर पत्नी वत्सलाबाई यांस हयातभर, नंतर ज्ञानेशला. मात्र पश्चिमेची भिंत आधी दुरुस्त करावी. तिची खरी हकीकत आजवर लपवली, ती इथे लिहितो.

घर १९९१ साली बांधले. गवंडी हरसूलचा बारकू. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर काँक्रीटचा पट्टा घालतात, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. बारकू तो दीड फुटावर घेणार होता. तेवढ्यात शेजारच्या घरातून माझे थोरले बंधू खंडेराव, म्हणजे आमचे दादा, काठी आपटत आले. "धाकट्याचं जोतं माझ्या वर? मी अजून जित्ता हाय!" त्यांचे जोते वीतभर, पण सगळे काळ्या दगडात. त्यांना ओलीचे काय! माझ्या विटा. बारकू म्हणाला, "तात्या, पट्टा लय खाली बसंल. ओल वर चढंल, मंग मला बोलायचं नाय." मी थोरल्याचा मान राखला आणि पट्टा उतरवायला लावला. अक्कल गहाण टाकली म्हणतात ती हीच.

वर कडी म्हणजे दादांनी त्याच भिंतीला टेकून शेवंतीचा वाफा केला. पट्टा मातीखाली गडप!

तेव्हापासून दर पावसाळ्यात भिंत छातीपर्यंत ओली. रंग दिला, पोपडे आले. टाईल्स लावल्या, ओल टाईल्सच्या वरून निघाली. वत्सलाबाईंची खाट त्याच भिंतीशी, त्यांना दमा जडला. डॉ. ज्योत्स्ना मंडलिक यांनी स्पष्ट सांगितले, "तात्या, औषध बाईंना देता येतं, भिंतीला नाही. पुढचा पावसाळा त्यांना या ओलीत झेपायचा नाही." बाई मात्र घर सोडायला तयार नाहीत. मला रात्रंदिवस त्यांच्या श्वासाची भीती वाटते. हे तोंडाने कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहिले.

३. बारकू यास माझी सायकल आणि माफी. दादांचे नाव घ्यायला जीभ रेटेना, म्हणून "बारकूने सिमेंट खाल्लं" असे मी गल्लीभर सांगत सुटलो. धादांत खोटे. त्याला इथे पुन्हा काम मिळाले नाही, याची मला लाज वाटते. हे कलम गल्लीत दारोदार वाचून दाखवावे. दुरुस्तीही त्यानेच करावी. भिंत तीन-तीन फूट कापावी, मधला भाग शाबूत ठेवावा, आणि नवा पट्टा दीड फुटावर बसवावा. एकदम कापली तर घर माझ्या मागोमाग येईल.

४. हे काम बाहेरूनच होते, आतून खाटेपलीकडे सगळा स्वयंपाकाचा ओटा आहे. म्हणजे दादांच्या अंगणात उभे राहायचे आणि त्यांचा वाफा काढायचा. त्या वाफ्यापासून आमच्यात पंधरा वर्षे अबोला आहे. मी विचारणार नाही. मी गेल्यावर ज्ञानेशने विचारावे. दादांनी नाही म्हटले, तर दशक्रियेला रामकुंडावर कावळ्याची वाट बघत बसा. भिंत कोरडी झाल्याशिवाय पिंडाला शिवणार नाही, सांगून ठेवतो.

५. साक्षीला मुद्दाम दादांनाच बोलावले आहे. निरोप डॉक्टरीणबाईंनी दिला. साक्षीदाराने मध्ये बोलायचे नसते, असे मी त्यांना कळवले आहे. असा योग माझ्या जन्मात आला नव्हता.

वरील सर्व मोठ्याने वाचून दाखवले आणि मग सही केली.

नाशिक, १२ फेब्रुवारी २००६
सावळीराम पुंजा विधाते

साक्षीदार:
१. डॉ. ज्योत्स्ना मंडलिक
२. खंडेराव पुंजा विधाते

(साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिले: सगळे ऐकले. पंधरा वर्षांत हा एकदाही विचारायला आला नाही. वाफा उद्या सकाळी काढतो. बारकूला निरोप धाडा, पट्टा तो म्हणेल तेवढा उंच घ्या. एवढ्यासाठी मरायची गरज नाही.)