किळस नावाची पोस्ट

५ जानेवारी
ब्लॉग उघडला. पहिल्यांदा नाव मागतो. ‘मनातलं’, ‘मनातलं काही’, ‘मनीचे गूज’, सगळं आधीच कोणी ना कोणी घेऊन बसलंय. सगळ्यांच्या मनात एकच. वैताग आला. मोबाइल ठेवला, मामाजींचं डायपर बदललं, हात धुतले, परत आले. पान अजून नावच मागत होतं.

६ जाने.
नाव दिलं ‘मधली खोली’. मामाजी, म्हणजे सासरे, तिथे झोपून असतात, मीही दिवसभर तिथेच. घेतलेलं नव्हतं. कोण घेणार.
मग ‘माझ्याविषयी’. लिहिलं, मी एक गृहिणी, वाचनाची आवड. खोडलं. कुठली आवड. नऊ वर्षं टायपिंग सेंटरमध्ये लोकांचे प्रबंध, अर्ज, लग्नपत्रिका टाइप केल्या, स्वतःचं एक वाक्य नाही. मागच्या फेब्रुवारीत मामाजींना लकवा झाला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. सेंटर सोडलं. नवरा, सु., धारणीला नोकरीवर, शनिवारी येतो, रविवारी जातो. त्याने सोडायचा प्रश्नच नव्हता. कोणी विचारलाही नाही.
‘माझ्याविषयी’ रिकामं ठेवलं.

८ जाने.
ब्लॉग कसा लिहावा याचे व्हिडिओ पाहिले. गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस. सकारात्मक लिहा, वाचकाला काहीतरी द्या, मुद्दे पाडा. म्हणून पहिली पोस्ट टाकली, ‘तिळाचे लाडू न फुटण्यासाठी पाच युक्त्या’. माझे लाडू दरवर्षी फुटतात.
संध्याकाळी पाहिलं, तीन जणांनी वाचली. तिन्ही वेळा मीच.

११ जाने. रविवार
मंदाताई आल्या अकोल्याहून. सु.ची मोठी बहीण. महिन्यातून एकदा येतात, बारा वाजता, आणि दोनच्या गाडीने परत. आल्या आल्या कॉटखालचं भांडं पायानेच आत सरकवलं. मामाजींचे केस विंचरले. सु.ला फोटो काढायला लावला. निघताना मला म्हणाल्या, “लय वास येते वं सुषमा खोलीत. उदबत्ती लावत जाय.”
त्या बडनेऱ्याला पोचायच्या आत घरच्या ग्रुपवर फोटो लागला होता. बाबांची सेवा, यापरतं पुण्य नाही. खाली हात जोडलेल्यांची रांग. मीही जोडले. नाही जोडले तर त्यांच्या लक्षात येतं.

१३ जाने.
जेवणं झाल्यावर बसले आणि सलग तीन तास लिहिलं. कुणाची हाक नाही, काही नाही. इतकं सलग काही केलं त्याला किती महिने झाले.
नाव दिलं ‘किळस’. कोणाचं नाव, गाव घातलं नाही. लिहिलं की सासऱ्यांचं अंग पुसताना मी श्वास धरून ठेवते. जेवताना माझ्याच बोटांना वास येतो, साबण चार वेळा लावला तरी. लोक म्हणतात लेकीसारखं करते. लेकीसारखं म्हणजे महिन्यातून एकदा, कंगवा घेऊन. मला त्यांचा राग नाही, प्रेम आहे असंही नाही. किळस आहे, आणि रोज सकाळी ती गिळून मी खोलीत जाते.
शेवटी लिहिलं, ‘त्यांना आता काही कळत नाही, तेवढं बरं आहे.’
वाक्य चांगलं बसलं. पोस्ट टाकली.

१४ जाने.
संक्रांत. वाणाला गेले नाही. लाडू फुटले.

१७ जाने.
लोक वाचताहेत. कोणीतरी बायकांच्या ग्रुपवर टाकलं म्हणे. खाली लिहिलेलं सगळं वाचलं. ‘ताई तुम्ही देवी आहात.’ मी काय लिहिलं आणि बाईने काय वाचलं. एकाने, ‘अशा सुनांमुळेच वृद्धाश्रम भरतात.’ त्याच्या फोटोत तो मोटारसायकलवर, काळा चष्मा. एकीने फक्त दोन ओळी: ‘मी आईचं करते. सख्ख्या आईचं. मलाही येते.’ तिला उत्तर म्हणून ‘धन्यवाद’ लिहिलं. नंतर त्या धन्यवादचीच लाज वाटली.
सु. आला आहे. त्याला सांगितलं नाही.

२० जाने.
आता दर दहा मिनिटांनी आकडा पाहते. आज मामाजींना भात भरवताना डाव्या हातात मोबाइल. चमचा त्यांच्या दाताला लागला. ओठ सोलला, थोडं रक्त. मी पदराने पुसलं, पुन्हा आकडा पाहिला.
कसली बाई झाले मी.

२५ जाने. रविवार
सगळं लिहून ठेवते, नंतर फिरवाफिरव नको.
मंदाताई आज न कळवता आल्या, साडेदहालाच. सु. दाढी करत होता. चप्पल न काढता मधल्या खोलीत. मोबाइल माझ्यासमोर धरला. “हे तूच लिवलं ना?”
त्यांच्या ग्रुपवर आलं होतं. नाव नव्हतं, पण कंगवा होता.
मी म्हटलं, “हो.”
“मंग वाच. बाबांसमोर वाच मोठ्यानं.”
मी वाचलं नाही. मग त्यांनीच वाचायला घेतलं. चांगला आवाज आहे त्यांचा, भजनी मंडळात असतात. सु. अर्ध्या दाढीने दारात उभा. “ताई, राहू दे ना,” म्हणाला, पण आत आला नाही. मंदाताई ‘श्वास धरून ठेवते’पर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांनाच पुढे वाचवेना.
मामाजींनी उजवा हात थोडा उचलला. “पूर्ण वाच.”
“बाबा, घान लिवलं हाय हिनं. तुमाले कायले आयकाचं?”
“पूर्ण.”
त्यांनी वाचलं. कंगव्याचं वाक्य गाळलं. शेवटचं गाळलं नाही. ‘त्यांना आता काही कळत नाही, तेवढं बरं आहे.’ मामाजी छताकडे पाहत होते. मग म्हणाले, “पानी दे.” कोणाला म्हणाले ते कळलं नाही. मंदाताई माझ्याकडे पाहायला लागल्या. मीच दिलं.
निघताना मंदाताई दारात रडल्या. खरं रडल्या, मी पाहिलं. म्हणाल्या, “मले येता येत नाई वं रोज. तुले काय वाट्टे, मले बरं वाट्टे तिथं?” हे त्यांनी याआधी कधी म्हटलं नव्हतं. मला दया यायला पाहिजे होती. आली नाही.

२६ जाने.
झेंडावंदनाला हजर राहायचं म्हणून सु. पहाटेच्या गाडीने धारणीला गेला. जाताना एवढंच म्हणाला, “काढून टाक ते. लोक काय म्हनतीन, हे नाई म्हनत मी. बाबांचा विचार कर.” माझा कर, असं मी म्हणायला हवं होतं. डबा भरून दिला.
पोस्ट काढली. ब्लॉगवर आता फक्त लाडू.

२८ जाने.
सकाळी अंग पुसताना मामाजी एकदम म्हणाले, “सोड.”
मी थांबले. दुखलं असेल असं वाटलं.
“श्वास. सोड. चक्कर यीन तुले.”
हात तसाच राहिला. पाणी गार होईपर्यंत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग मी पुसून घेतलं. श्वास सोडून. वास होताच.

२९ जाने.
दुपारी म्हणाले, “ते वाचून दाखव. मंदीनं काय काय गाळलं, ते मले पाह्यचं हाय.”
काढलं, म्हटलं. “काढलं मंजे फाडलं काय?” नाही, आत असतं. “मंग काढ.”
वाचलं. कंगव्याला हसले. हसले की लाळ येते, पुसली. शेवटचं वाक्यही वाचलं.
ते म्हणाले, “हे एक खोटं हाय. बाकी बरोबर.”
“चुकलं माझं, मामाजी.”
“चुकलं नाई. खोटं लिवलं. मले कळते. समदं कळते. तुले म्हाईत हाय मले कळते.”
माहीत होतं. रोज पेपर वाचून दाखवते मी त्यांना, मथळ्यावर ते बरोबर शिवी देतात. वाक्य चांगलं बसलं म्हणून लिहिलं होतं.

३१ जाने.
सु. आला नाही, काम आहे म्हणे. मंदाताईंचा फोन नाही.
मामाजी आज म्हणाले, “मलेही लिवाचं हाय त्याच्यावर.”
मला वाटलं आशीर्वाद वगैरे. म्हटलं, कशाला त्रास घेता.
“तू तुयं लिवलं. मी मायं सांगतो. पन जसं सांगीन तसं टाइप कर. आपल्या मनानं शबूद घालू नको.”
अठ्ठावीस वर्षं कोर्टात स्टेनो होते ते. साक्षीदार बोलेल ते उतरवायचं, त्यावर एक शब्द चढवायचा नाही. मामी, माझ्या सासूबाई, होत्या तेव्हा हेच सांगत बसायचे, कोणी ऐकत नसे.

१ फेब्रुवारी
आज सांगितलं. जेमतेम पाऊण पान, दीड तास लागला. जीभ अडकली की थांबत, मग तोच शब्द पहिल्यापासून. एरवी बोलतात वऱ्हाडी, हे मात्र कोर्टाच्या भाषेत. इथे उतरवून ठेवते.

‘मी, वय चौऱ्याहत्तर, असे सांगतो की, माझ्या सुनेने माझ्याविषयी लिहिलेले मी ऐकले. मला काही कळत नाही हे म्हणणे खोटे आहे. तिला माझी किळस येते हे खरे आहे. मलाही तिची येते. तिचे हात थंड असतात, नखे लागतात. ती मला उघडे पाहते. माझ्या पत्नीने मला असे कधी पाहिले नाही. ती खोलीत आली की मी झोपल्याचे सोंग करतो, म्हणजे दोघांचे सोपे जाते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी दुपारभर ओल्या चादरीवर होतो. ती समोर बसून मोबाइलवर लिहीत होती. तिने एकदा वर पाहिले, चादरीकडे पाहिले, आणि पुन्हा लिहू लागली. मी हाक मारली नाही. ती हसत होती. या घरात आल्यापासून तिला असे एकटीला हसताना मी पाहिले नव्हते. माझी तक्रार नाही. वाचून दाखवले, बरोबर आहे.’

‘ती समोर बसून’ला आले तेव्हा बोटं थांबली. ते थांबले नाहीत. मी मागे पडले, तर म्हणाले, “लिव.”
पाहिली होती मी चादर. ओली दिसली होती. परिच्छेद संपला की उठते, असं ठरवलं होतं. मग पुढचा सुरू केला. हे या वहीतही लिहिलं नव्हतं त्या दिवशी. ‘कुणाची हाक नाही’ एवढं लिहिलं, ते मघाशी मागे जाऊन वाचलं.

२ फेब्रु.
तेव्हापासून मजकूर तसाच पडून आहे. खाली निळं बटण, ‘प्रकाशित करा’. चादरीचं ते वाक्य काढून पाहिलं. दोनदा. त्याच्याशिवायही मजकूर नीट लागतो, कोणाला कळणारही नाही. पुन्हा घातलं.
संध्याकाळी सु.चा फोन. ब्लॉग बंद केलास ना, विचारलं. लाडूंचा आहे, म्हटलं.

४ फेब्रु.
सकाळी पुसताना म्हणाले, “टाकलं काय?”
“नेट नाही, मामाजी. कालपासून.”
“बरं.”
मोबाइल त्यांच्या उशाशीच होता, पडदा चालू. वरच्या कोपऱ्यातल्या नेटच्या काड्या पूर्ण भरलेल्या. त्यांनी त्याकडे पाहिलं, मग मान भिंतीकडे केली आणि डोळे मिटले. मी पाणी बदलायला गेले.