मुफद्दलचे दोन मिस्ड कॉल

३ ऑगस्ट, रविवार

...आणि त्या सकाळी मी आधी सूपासाठी सुके वाल भिजत घातले. मग गच्चीवर चादर पसरून सगळ्या वायरी मोकळ्या केल्या, स्पिरिटच्या बोळ्याने एकेक टोक पुसलं. हिरव्या कफ्तानला इस्त्री केली. मुफद्दल पिठाची गरम तळलेली कडी घेऊन आला, ताडाच्या पातीत ओवलेली. तसाच वायरी गुंडाळायला बसला.

"तेलकट हात लावू नकोस!" मी ओरडले.

त्याने हात विजारीला पुसले. हसला. ती विजारही मीच धुणार होते.

एवढंच. दुसरं काहीच वेगळं नव्हतं त्या सकाळी. १९ एप्रिल, शनिवार.

दुपारी चारला बायकांच्या हॉलमध्ये मेंदीचा कार्यक्रम होता, डीजे मी. तिथे पुरुषाला प्रवेश नाही. मुफद्दलने नेहमीसारखे स्पीकर लावून दिले आणि पहिली पाहुणी यायच्या आत निघून व्हॅनमध्ये जाऊन बसला, हॉलच्या मागच्या भिंतीशी. एकोणीस वर्षं हेच. मला वाजवताना त्याने एकदाही पाहिलं नाही. तो भिंतीपलीकडून ऐकायचा. एक मिस्ड कॉल म्हणजे बेस कमी कर. दोन म्हणजे मस्त चाललंय, हात लावू नकोस. दारावर सगळ्या बायकांचे फोन जमा होतात, फोटो निघू नयेत म्हणून. फक्त माझा, गाण्यांच्या मिक्सरशेजारी असतो.

त्या दिवशी तो वाजलाच नाही. मला वाटलं, झोपला! म्हणून मी बेस वाढवला. त्याला जाग यावी म्हणून! बायका खुर्च्यांवर चढून नाचल्या.

डॉक्टर म्हणाले, पाचच्या सुमाराला गेला असावा. मी साडेसहापर्यंत वाजवत होते.

५ ऑगस्ट, मंगळवार

औषधाच्या दुकानाने दिलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे. रोज एक फुली. नवऱ्यासाठी बाईने पाळायचे चार महिने दहा दिवस — २९ ऑगस्ट, शुक्रवारी संपतात. तोवर पांढरी पायघोळ जेल्लाबा, पांढरे मोजे, पांढरी ओढणी. काजळ नाही, अत्तर नाही. गरजेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मिक्सरवर चादर टाकून ठेवली आहे. तोही पांढराच दिसतो.

शाळा पाचवीपर्यंत. खरं वाचायला शिकले ते पहिल्या मिक्सरच्या माहितीपुस्तकावर — स्पॅनिश, शब्दकोश मांडीवर घेऊन. मग मुफद्दल रविवारच्या बाजारातून जुनी पुस्तकं किलोवर आणू लागला. काल एकात वाचलं की दुःख लाटांसारखं येतं. माझं नाही येत. माझं फ्रिजसारखं आहे. सारखं चालू.

९ ऑगस्ट, शनिवार

शेजारची खदूज आली. आमची भिंत एकच. तिच्या लेकीचं, सुकैनाचं, लग्न ठरल्या दिवशी मी शब्द दिला होता — मेंदीला मी, लग्नालाही मीच.

"मेंदी मंगळवारी, सव्वीसला. घरीच करतोय. लग्न गुरुवारी, अठ्ठावीसला," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"मी शुक्रवारी सुटते, खदूज."

"अगं एका दिवसाने! एका दिवसाने हुकतंय!"

"पुढे ढकल ना."

"कशी ढकलू? भाऊ बेल्जियमहून येतोय, एकतीसचं परतीचं तिकीट आहे. आचाऱ्याला सांगून झालंय. सुकैना तर रडतेय, म्हणते बटूल मावशी नाही तर मी पाटावर बसणारच नाही. बसेल म्हणा. मुली बसतात."

सासूबाई, आदराने लल्ला रहिमो, चहा ओतत होत्या. उंचावरून, फेस येईल असा.

शेवटी खदूजने हळूच विचारलं, "मग वाजवायला विसालला सांगू?"

मी म्हटलं, सांग. दुसरं काय म्हणणार!

१० ऑगस्ट

नको सांगूस म्हणायला हवं होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

विसाल येऊन गेली. दोन हिवाळे मी तिला शिकवलं. हुशार आहे, हात हलका आहे. पण कान घाई करतो.

चमचमत्या टिकल्यांचं जाकीट, डोक्यावर काळा चष्मा. मेंदीलाही तेच घालणार म्हणे.

"चष्मा कशाला? घरात ऊन येतं का?"

"लल्ला बटूल, आता लोक डीजेला ऐकत नाहीत, बघतात!"

"फोन तर दारावर जमा होतात. बघून करणार काय?"

"घरी जाऊन सांगतात ना! काय घातलं होतं, कशी उभी होती. त्यावर पुढचं काम मिळतं." मग चष्मा काढून पुसायला लागली. सप्टेंबरची माझी दोन कामं तिच्याकडे गेली आहेत. तिला ठाऊक, मला ठाऊक. लल्ला रहिमोंनाही ठाऊक — त्यांनी तिला साखर विचारली नाही.

जाताना म्हणाली, "तुमची ती जुन्या डोंगरी गाण्यांची मिसळण द्याल? पेन ड्राइव्हवर? फक्त सुकैनासाठी."

विचार करते म्हटलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

रात्रभर मनात जाकीट.

मी सुरू केलं तेव्हा सगळ्यांसारखंच रुंद बाह्यांचं कफ्तान घालायचे. एकदा बाही मिक्सरच्या सरकत्या पट्ट्यांवर ओढली गेली आणि नवरी येत असतानाच आवाज गुल! तिची आजी अजून तो विषय काढते. दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडे जाऊन बाह्या मनगटाशी अरुंद करून घेतल्या, आतून बटण. वर्षभरात आमच्या अर्ध्या तेतुआन शहरातल्या बायका तसल्या बाह्या शिवू लागल्या. शिंपी "बटूलची बाही" म्हणून वेगळा भाव लावायचा. मलाही!

म्हणजे मीही बघितली जातच होते. विसाल खोटं बोलत नाही. पण माझं मत असं की डीजेने असं घालावं की तिसऱ्या गाण्यानंतर तिच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये. नवरीपेक्षा भारी तर मुळीच नको. आणि तिने नाचणाऱ्यांकडे बघू नये. नाचणाऱ्या कशावरही नाचतात. भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघावं. त्यांचे खांदे हलले की मगच ढोल आत सोडायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. एका पावसाळी दुपारी आपोआप कळलं, आणि मी व्हॅनमध्ये बसल्याबसल्या मुफद्दलला सांगितलं. तो म्हणाला, "मला बाहेर कळलं. काहीतरी बदललं आत."

आता मी अशी पांढरी. बाह्या रुंद. सूप ढवळतानासुद्धा वर धराव्या लागतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पेन ड्राइव्ह दिला.

का दिला? सुकैनासाठी. आणि नाही दिला असता तर लोक म्हणाले असते, विधवा जळते. आणि जळतेच मी!

२१ ऑगस्ट, गुरुवार

लल्ला रहिमो झोपल्यावर चादर काढली. वीज न लावता पट्ट्या सरकवत राहिले. मेलेल्या यंत्रावर. बोटांना सगळं आठवतं. डाव्या हाताने मुरली धरून ठेवायची, उजव्याने ढोल हळूहळू वर. मुफद्दल परतीच्या वाटेवर बारीकसारीक सांगायचा — "ती मुरली अजून थोडी धरून ठेव. त्यांना हुरहूर लागू दे." भिंतीपलीकडून इतकं ऐकणारा माणूस! त्याच्याइतकं मला कुणी ऐकलं नाही. आता वाजवलं तरी बरं झालं की वाईट, सांगणार कोण? हीच भीती आहे. कामं गेल्याची नाही. म्हणजे तीही आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

शेजारी मसाला कुटताहेत. सुकैना गच्चीवरून ओरडली, "मावशी, उद्या ऐका हं!"

ऐकते म्हटलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आजचं आजच लिहिते.

चारला सुरू झालं. मी जिन्यात, त्यांच्या भिंतीला कान लावून बसले. विटांची भिंत, पलीकडे पाच पावलांवर स्पीकर. माझीच मिसळण वाजवणार होती ती. माझीच! म्हणजे कुठे काय येणार हे मला पाठ.

काही ऐकू आलं नाही.

धप धप धप. एवढंच. मुरली नाही, शब्द नाही. एक गाणं संपून दुसरं कुठे सुरू झालं ते कळेना. वाईट वाजवतेय की चांगलं, तेही कळेना! जिना बदलला, गच्चीवर गेले, खाली आले. कान लाल झाला. धप धप धप.

मग पायरीवर बसले. हॉलची भिंत याच्या दुप्पट जाड. वर व्हॅनची काच. तिथून त्याला मुरली ऐकू आली? एकोणीस वर्षं?

खोटं बोलत होता. सगळं मनचं! मी त्याच्या शब्दावर गाण्यांचा क्रम बदलला. त्याच्या दोन मिस्ड कॉलवर जगले!

लल्ला रहिमो खाली उभ्या. "अगं, जिन्यात काय बसलीस?"

मी सांगितलं. ओरडूनच सांगितलं. "तुमच्या मुलाला काही ऐकूच येत नव्हतं!"

"नव्हतंच," त्या म्हणाल्या. कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या, माझ्या खालच्या पायरीवर बसल्या. "मला म्हणायचा, आई, नुसतं जातं फिरल्यासारखं वाटतं."

"मग?"

"दारावर फोन गोळा करते ना, ती झुबिदा? तिला सूर्यफुलाच्या बिया नेऊन द्यायचा. पुडी-पुडीने. दर अर्ध्या तासाला विचारायचा — म्हाताऱ्या उठल्या का? ती मुरली संपली का? बायका काय म्हणाल्या? मग तुला फोन."

झुबिदा! बिया फोडत दारात बसणारी झुबिदा! मुरली धरून ठेव म्हणणारी ती! मला हसू आलं. खरंच आलं. मग थांबेना.

लल्ला रहिमो हसल्या नाहीत.

"आता माझंही ऐक," म्हणाल्या. "तुझे दिवस काल संपले."

मला कळलंच नाही.

"नवऱ्याचे दिवस औषधवाल्याच्या कॅलेंडरवर मोजतं का कुणी? चंद्रावर मोजतात. मी मोजलेत. सोमवारी पुरे झाले. आज तू तिथे आत असतीस."

"खदूज आली तेव्हा तुम्ही चहा ओतत होतात!"

"होते."

"तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

पलीकडे धप धप. बायकांनी जीभ हलवून किलकाऱ्या मारल्या — त्या मात्र भिंतीतून स्पष्ट आल्या. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सासूला बोलू नये असं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "बायकोला चार महिने दहा दिवस. आईला किती, ठाऊक आहे? तीन. चौथ्या दिवशी शेजारणींनी मला रंगीत ओढणी आणून दिली. मी ती घातली, बाजारात गेले, कोथिंबीर घेतली. लोक भाव विचारल्यासारखं तब्येत विचारायचे. घरी आले की तू अशी पांढरी फिरत असायचीस. वाटायचं, तो अजून नीट गेला नाहीये. म्हणून गप्प राहिले. चारच दिवस जास्त, म्हटलं. चार दिवसांनी काय बिघडतं."

"माझं बिघडलं."

"हो. दिसतंय."

आम्ही तिथेच बसून राहिलो. कार्यक्रम संपला तेव्हा उठलो. त्यांचा गुडघा धरला होता, मी हात दिला.

२७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी पांढरी जेल्लाबा काढली आणि लल्ला रहिमोंना घातली. त्यांना लांब झाली, बाह्या दुमडून दिल्या. कॅलेंडरवरचे उरलेले दिवस तुमचे, म्हटलं. मग हमामात न्हायला गेले, आणि येताना खदूजच्या दारात उभी राहून सांगितलं — उद्या मी वाजवते.