मोठ्या पाइपाची दुरुस्ती

४ मार्च
जायचंच! साहेबांनी आज स्पष्ट सांगितलं. मोठा पाइप फुटलाय तो नेमका दोन्ही सैन्यांच्या मधोमध. पाणी त्यांनाही हवं, आम्हालाही. म्हणून एक फिटर त्यांचा, एक मी — आणि दुरुस्ती संपेपर्यंत गोळीबार बंद. अकरा वर्षांत पहिल्यांदा! तेवढ्या दिवसांत दोन्हीकडचे पुढारी कायमच्या तहाचं बोलणार म्हणे. तहाचं ते बघतील. मी पाण्याचं बघतो.

६ मार्च
त्यांचा फिटर — मनात मी त्याला लंबू म्हणतो — पक्का कामचुकार. सकाळपासून तीनदा चहा. वायसर आणले ते चुकीच्या मापाचे. मी घाम गाळतोय आणि हा म्हणतो, ‘‘घाई काय आहे, राव?’’ या कामात तीस वर्षं घातली म्हणे. कशी घातली देव जाणे!

७ मार्च
थोरला मुलगा खंदकातून दुपारी घरी आला. जेवला आणि आडवा झाला तो संध्याकाळपर्यंत. ही नुसती त्याच्या उशाशी बसून होती.

९ मार्च
आज कहरच. काल मी बसवलेला जोड लंबूने पुन्हा खोलला! ‘‘जरा शंका आली.’’ माझ्या जोडाची शंका? तोंडाला येईल ते बोललो. त्याने पाना खाली ठेवला. मग हळूच — ‘‘रेडिओ ऐकता की नाही? तहाची नऊ कलमं पटलीत. दोनच राहिलीत.’’ मी म्हटलं, कामाचं बोला.

१० मार्च
लंबू जेवायला गेला तेवढ्यात सगळे जोड एकट्याने आवळले. व्हॉल्व उघडला. थेंबभर गळती नाही!
लंबू धावत आला. पाइपावरून हात फिरवला. ‘‘फार हुशार रे बाबा तू,’’ एवढंच म्हणाला. इतके दिवस अहो-जाहो करायचा. हत्यारं न पुसताच पिशवीत भरून निघून गेला.
साहेबांनी पाठ थोपटली. घरी नळाला धो धो पाणी. मला मात्र जेवण गेलं नाही.

११ मार्च
सकाळी सहाला तोफा सुरू. दोन कलमं तशीच राहिली.

१५ मार्च
थोरल्याचा पाय गुडघ्यापासून कापला. हॉस्पिटलमधून आत्ताच आलो.
आदेशात सरळ लिहिलं होतं — दुरुस्ती संपेपर्यंत. वाचता येत नव्हतं का मला? तो बिचारा एकेक दिवस ओढून आणत होता, आणि मी त्याला कामचुकार म्हटलं! मला माझ्या हाताची घमेंड. दोन दिवस, फक्त दोन दिवस ढिलाई केली असती तर...
ही तिथेच त्याच्या उशाशी बसली आहे. 

२ एप्रिल
नळ कोरडे! साहेब म्हणाले, तोच जोड सुटलाय. माझा जोड आपोआप सुटायचा नाही. कोणीतरी पाना लावलाय, आणि कोणी ते मला पक्कं ठाऊक आहे. पुन्हा गोळीबार बंद, राहिलेल्या दोन कलमांची बोलणीही पुन्हा सुरू. उद्या निघायचं. त्याची माफी मागायचीय. पिशवीत वायसर भरलेत — सगळे चुकीच्या मापाचे.

३ एप्रिल
लंबू नाही. चाळिशीचा कोणी नवाच आलाय. विचारलं तर खाली बघत म्हणाला, ‘‘जोडापाशीच सापडले. हातात पाना होता.’’ गोळी कुणाकडची, हे विचारायचा धीर झाला नाही.
मग त्याने बाह्या सरसावल्या. ‘‘चला दादा, दोन दिवसांत उरकून टाकू.’’
मी चहा ओतला. म्हटलं, घाई काय आहे?