पवनचक्कीपाशी उजवीकडे

वेस्टरहूक, फ्रीसलंड
१० एप्रिल १९८८

ती. सौ. बाऊकताईस,
हिस्केचा सा. न. वि. वि.

एकोणतीस मेला तुझी सत्तरी. यंदा नक्की येते, असं दरवर्षी लिहिते तसं यंदाही लिहिते. हसू नकोस. तुझं गाव हाकेच्या अंतरावर आणि मी पाकिटाला तिकीट चिकटवतेय, याची लाज मलाही वाटते. पण फोन कुणी गेलं तरच करायचा असतो, असं आमच्या उबेलेचं मत आहे.

आमची जोडसायकल तुला ठाऊकच आहे. लग्नात दोघांच्या दोन विकून ही घेतली. नवराबायकोनं वेगवेगळं कशाला जायचं, असं तो म्हणाला होता, आणि मला ते तेव्हा गोडच वाटलं होतं. तो पुढं; हँडल, ब्रेक, घंटी त्याची. मी मागं, पाय माझे. दर रविवारी पवनचक्कीपाशी रस्ता फुटतो. उजवीकडे तू, डावीकडे पाणी उपसायचं पंपघर. तो डावीकडे वळतो आणि पंपघरातल्या माणसाबरोबर पाण्याकडे बघत बसतो. पाणी तेच असतं.

आमची रिक्स्त सुट्टीवर आलीय. विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला लागल्यापासून कार्टी कॉफी पिण्याआधी कप कुणी धुतला ते विचारते. तिनं बापालाच विचारलं, आईला मावशीकडे जायला तुम्ही नाही म्हणता का? उबेलेला मनापासून वाईट वाटलं. म्हणाला, तीस वर्षांत एकदा तरी नाही म्हणालोय का मी? आणि ताई, ते खरं आहे. तो कधी नाही म्हणाला नाही, फक्त डावीकडे वळला. रिक्स्त म्हणते, खरी सत्ता तीच, जिला नाही म्हणायची पाळीच येत नाही. ते ऐकता ऐकता माझं वाटाण्याचं सूप करपलं.

वित्सेदाजींना नमस्कार. लोभ पोस्टानं का होईना, येत राहू दे.
तुझी,
हिस्के

ईस्टरहूक
१९ एप्रिल

चि. सौ. हिस्केस,
अ. उ. आ.

मी कुठल्या तोंडानं हसू? वित्सेची नजर मंदावली तशी डॉक्टरांनी त्याला गाडी बंद केली. परवाना माझ्याकडेही आहे. मी पहिल्या खेपेला पास झाले आणि तो चौथ्या, हे या घरात बोलायचं नसतं. पण घरातला ड्रायव्हर तो. तेव्हा दर रविवारी आम्ही शेडमध्ये उभ्या गाडीत जाऊन बसतो. तो स्टिअरिंग धरतो, मी पेपरमिंट देते आणि नकाशा वाचते. गेल्या रविवारी जर्मनीच्या हद्दीपर्यंत जाऊन आलो. परतताना मी भलतं वळण सांगितलं म्हणून तो असा भडकला की दोन दिवस अबोला होता. आणि खरं सांगू, वळण मी चुकीचंच सांगितलं होतं.

गेल्या वाढदिवसाला गोल मांडलेल्या खुर्च्यांत एक तुझी होती. वित्सेचा चुलतभाऊ रीतीप्रमाणे एकेकाशी हात मिळवत, बाऊकच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन म्हणत आला आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीचंही अभिनंदन करून पुढं गेला. सगळे हसले. मी केक कापायच्या निमित्तानं आत पळाले, कारण मला रडू फुटलं होतं.

सत्तरी एकदाच येते, पोरी. ये. उबेलेला आशीर्वाद, मागेल तेवढेच.
तुझी,
ताई

वेस्टरहूक
९ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

क्रांती झाली! रिक्स्तनं पाना आणून सीटा खालीवर केल्या. पोरीचा हट्ट म्हणून उबेले मागं बसायला तयार झाला. पण आधी त्यानं मागं एक घंटी लावून घेतली, मग आरसा, मग ब्रेक. मागच्यालाही काही हक्क असतात, म्हणाला. इतकी वर्षं मागं मी होते तेव्हा हे हक्क कुठं चरायला गेले होते, देव जाणे.

रविवारी निघालो. ताई, त्याच्या स्वेटरच्या पलीकडे एवढं आभाळ होतं, हे मला माहीतच नव्हतं. पवनचक्की आली. मागून घंटी नाही, ब्रेक नाही, हूं की चूं नाही. आणि मी डावीकडे वळले.

हात आपोआप वळले गं. पंपघराशी उतरल्यावर तो म्हणाला, बघ, मी काही बोललो का? रिक्स्त आधी हे प्रबंधात घालते म्हणून खूश झाली, मग माझ्या गळ्यात पडून रडली. आता मला त्याची नाही, माझ्याच हातांची भीती वाटते.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
हिस्के

ईस्टरहूक
१६ मे

चि. हिस्केस, आशीर्वाद.

पत्र वाचून हसले खरी, पण ऐक. काल वित्से थर्मास आणायला घरात गेला होता, तेवढ्यात मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून पाहिलं. त्याची पावलं वाजली आणि मी चोरासारखी माझ्या जागेवर परतले. माझ्या स्वतःच्या शेडमध्ये! तेव्हा तुला मी काय शिकवू? खुर्ची मांडतेय. या खेपेला रिकामी राहिली तर मी तिच्याकडे बघू शकणार नाही.

तुझीच,
ताई

वेस्टरहूक, तुझ्या स्वयंपाकघरात
२९ मे

चि. हिस्केस, खूप खूप आशीर्वाद.

होय, तुझ्याच टेबलावर लिहितेय. किल्ली लाकडी बुटाखालीच सापडली. तो चुलतभाऊ अभिनंदन करत तुझ्या रिकाम्या खुर्चीपाशी पोचला, हात पुढं केला, आणि माझं डोकं फिरलं. पाहुणे गोलात तसेच सोडून मी गाडीची किल्ली उचलली. आपल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं म्हणत वित्से शेजारी येऊन बसला. मोठ्या पुलावरून येताना तो सबंध वाट डावीकडे घे, डावीकडे घे ओरडत होता. इथं पोचलो तरी उतरलेला नाही. त्या बाजूचं दार कसं उघडतं ते त्याला माहीत नाही आणि विचारायला लाज वाटते.

तुझी शेजारीण आत्ताच येऊन सांगून गेली. तिनं तुम्हाला पवनचक्कीपाशी पाहिलं. तू हँडल उजवीकडे वळवलंस आणि उबेलेनं मागून ब्रेक दाबला, म्हणे. पुन्हा वळवलंस, पुन्हा ब्रेक. शेवटी तू खाली उतरलीस, हँडल धरलंस आणि सायकल ढकलत बांधावरच्या वाटेनं उजवीकडे चालू लागलीस. तो तसाच मागं बसलेला, घंटी वाजवत. शेजारीण सांगताना हसत होती. मला हसता आलं नाही, हिस्के.

एवढं ओझं ढकलत तू अजून पोचली नसशील. मी त्याच वाटेनं निघते. बांधावर गाडीला बंदी आहे, ते वित्से मला वाटभर सांगेलच. तिकडं आज रविवारच्या बऱ्याच जोडसायकली असतील, पण आपली चुकामूक व्हायची नाही. जी पुढं असेल, ती माझी बहीण.

लोभ वाढावा वगैरे आता समोरासमोर.
ताई