हिमनदीला जाणारा रस्ता आणि शेजारची सीट

आदरणीय मेहुणीबाई यांस,

तुझ्या भावोजींचा साष्टांग नमस्कार. (पत्ता चुकलेला नाही आणि मला तापही आलेला नाही. तू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, नात्याने बायकोची धाकटी बहीण, तेव्हा मी तुला आशीर्वाद द्यायचे असतात हे मलाही कळतं. पण आज नमस्कारच ठेवून घे, कारण यथावकाश कळेल.) तुझी तब्येत कशी आहे? पाठदुखी थांबली का? तुझ्या टँकरला नवी सीट बसवल्यापासून वळणांवर कंबर धरत नाही असं तू ताईला सांगितलंस म्हणे, ऐकून फार बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर माझा आवाज आला की तू "ताईला द्या" एवढंच म्हणतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्या वेळात मावत नाही.

तुझी ताई निवृत्त झाली हे तुला ठाऊक आहेच. एकतीस वर्षं भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा उभा छेद तिच्याइतका सुरेख फळ्यावर कुणी काढत नसे, लाव्हाला तांबडा खडू, राखेला पांढरा, आणि पोटातल्या खडकांना जपून वापरायचा तो तपकिरी. शेवटच्या दिवशी सहावीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही खरा पाहिलाय का? ताई म्हणाली, "अजून नाही." आणि घंटा झाली. घरी येऊन तिने हे मला भाजी चिरता चिरता सांगितलं, अगदी सहज, आणि सांगून झाल्यावर तीच भाजी दुसऱ्यांदा चिरायला घेतली. मला ते बघवेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी म्हणून गेलो की आपण जाऊ. नुसता ज्वालामुखी नाही, हिमनदीसुद्धा. जगात अशी एक जागा आहे की जिथे एकच रस्ता निवलेल्या लाव्हाच्या काळ्या पठारावरून निघतो, वाफाळत्या झऱ्यांच्या कडेने जातो आणि अकराव्या दिवशी हिमनदीच्या तोंडाशी नेऊन सोडतो, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. त्या रस्त्यावर बस नाही, रेल्वे नाही. आपली गाडी आपण चालवायची. ताईने सुरी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही चालवाल?" मी म्हणालो, अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दुसरं काय केलं?

(हे वाक्य ध्यानात ठेव. माझं सगळं घोडं पुढे इथेच अडलं आहे.)

दुसऱ्या दिवसापासून नियोजन सुरू झालं. इतर लोक प्रवासाची आखणी दिवसांनी करतात, तुझी ताई तासिकांनी करते. पस्तीस मिनिटांची एक तासिका. पहिली आणि दुसरी, लाव्हाचं पठार. तिसरी, राखेचा डोंगर, बाहेरून. मग मधली सुट्टी. ऑफ तास मी मागितला तर मिळाला नाही, त्याऐवजी मला "वाचन" दिलं. कागदावर एवढा मोठा नकाशा मावेना, म्हणून तिने झोपायच्या खोलीच्या दाराला आतून काळा रंग दिला आणि सगळा रस्ता रंगीत खडूंनी त्यावर काढला. अप्रतिम काढला होता. पण दाराला टेकून पायमोजे घालायची माझी सवय तुला माहीत नाही. मी घाईत होतो, टेकलो, मोजे घातले, कामावर गेलो. दिवसभर शिकाऊ लोक माझ्या मागे कुजबुजत होते, मला वाटलं माझ्या शिस्तीचा दरारा असेल. संध्याकाळी घरी आलो तर ताई दारातच उभी. सातव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंतचा रस्ता, दोन उष्ण झरे आणि हिमनदीची डावी बाजू माझ्या शर्टाच्या पाठीवर होती. ती रागावली नाही. तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पाठीवरून नकाशा परत दारावर उतरवायला घेतला. पाऊण तास मी श्वास बेताने घेत उभा. पाठीवरचं सगळं उलटं उमटलं होतं, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. पुढचा आठवडाभर आम्ही हिमनदीऐवजी समुद्रात जाणार होतो.

मग थंडीची तालीम. ताईचं म्हणणं असं की जी गोष्ट वर्गात करून पाहिली नाही ती परीक्षेत करू नये. आता थंडी आणायची कुठून? आमच्या गल्लीच्या टोकाला बटाट्यांचं शीतगृह आहे. त्याच्या मालकाची मुलगी ताईची विद्यार्थिनी, तेव्हा वीस मिनिटांची परवानगी निघाली. मी दोन बनियन, तीन स्वेटर, कानटोपी आणि तुझ्या ताईची शाल अशा थाटात आत गेलो. (हात खाली येत नव्हते, चालताना मी एखाद्या फुगवलेल्या ट्यूबसारखा दिसत असणार.) पाच मिनिटांत मला घाम फुटला आणि सहाव्या मिनिटाला तो घाम गार झाला. ताई मात्र रंगात आली. एका कोपऱ्यात फुटक्या पोत्यांतले बटाटे घरंगळून त्यांची लांबच लांब रास झाली होती. ती पाहताच ती थांबली आणि तिथल्या हमालांना सांगू लागली की हिमनदी पुढे सरकताना दगडगोटे ढकलत आणते आणि वितळताना अशीच रास मागे टाकून जाते. चार दांडगे हमाल पाठीवरची पोती उतरवायचं विसरून ऐकत उभे राहिले. एकाने विचारलं, बाई, मग ती सरकते ते दिसतं का? ताई म्हणाली, दिसत नाही, पण ती थांबलेली नसते. वीस मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. मी बाहेर आलो तेव्हा माझे दात वाजत होते आणि तिचा चेहरा इतका उजळला होता की मला पहिल्यांदा भीती वाटली. ही सहल झाली नाही तर या चेहऱ्याला मी काय सांगणार?

कारण मेहुणीबाई, मला गाडी चालवता येत नाही.

थांब, नीट सांगतो. परवाना आहे. वेळच्या वेळी नव्याने करून घेतलेला आहे. पण अठ्ठावीस वर्षं मी बसलो ते शेजारच्या सीटवर. तिथे माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक आणि माझा वेगळा क्लच. सकाळी पहिला शिकाऊ मला घरून नेतो, संध्याकाळचा शेवटचा घरी सोडतो, त्यांचा तेवढाच सराव. स्वतःची गाडी घेतली नाही, कारण दिवसभर गाडीतच असतो. चाक हातात धरून मी शेवटचा कधी बसलो ते आठवू लागलो, आठवेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्याच शाळेच्या पाटीवर लिहायला हवं होतं.

तरी म्हटलं, हात बसायला कितीसा वेळ लागतो. एका रविवारी सकाळी माझ्या भागीदाराला घेऊन सरावाच्या मैदानावर गेलो. (भागीदार म्हणजे तोच, ज्याला आम्ही हँडब्रेक म्हणतो. धंद्यात मी काहीही नवीन सुचवलं की तो वर ओढला जातो, म्हणून.) हँडब्रेक माझ्या जागी बसला, मी चालकाच्या. आरशात पाहिलं, गाडी सुरू केली आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, क्लच हळूहळू सोड. काहीच झालं नाही. मी पुन्हा म्हणालो, घाबरू नकोस, सोड. हँडब्रेक माझ्याकडे पाहत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सोडणारा मीच आहे. असो. निघालो. चार फेऱ्या मारल्या, चारही वेळा गाडी पांढऱ्या रेघेवर अलगद थांबली. माझी छाती फुगली. म्हणालो, बघ, विद्या विसरत नाही. हँडब्रेकने दोन्ही पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली आणि म्हणाला, आता मार पाचवी. पाचव्या फेरीला मी रेघ दिसताच खणखणीत आवाजात "ब्रेक" म्हणालो. गाडीने तीन शंकू आडवे केले आणि कुंपणाच्या मेंदीत तोंड घातलं. हँडब्रेक मांडी न मोडता म्हणाला, "चारही वेळा मी थांबवली होती."

त्या मेंदीत बसल्या बसल्या मला तू आठवलीस. खोटं नाही सांगत. तू माझ्याकडे तीन महिने शिकलीस आणि तीनदा नापास झालीस, तिन्ही वेळा रेघेच्या पुढे गाडी गेली म्हणून. त्या परवान्यावर तुझी नोकरी अडली होती, ती गेली. आणि त्या रविवारी सगळे जेवत असताना मी चारचौघांत म्हणालो की गाडी चालवणं रक्तातच असावं लागतं, हिच्या नाही. तू पानावरून उठलीस. मी दुसऱ्यांदा आमटी घेतली. सतरा वर्षं मी हेच समजत आलो की मी खरं बोललो, फक्त वेळ चुकली. आता कळतंय की त्या तीन महिन्यांत तू गाडी एकदाही थांबवलीच नव्हतीस. प्रत्येक वेळी तुझ्या आधी माझा पाय ब्रेकवर असायचा. बायकोची धाकटी बहीण, तिला खरचटलं तर सासुरवाडीत तोंड कुठे लपवू, या भीतीने मी सगळ्या शिकाऊंपेक्षा तुझ्या वेळी जास्त दाबायचो. तुला वाटायचं की पाय जरासा टेकवला की गाडी थांबते. परीक्षेला शेजारी परीक्षक होता, आणि त्याचे पाय त्याच्यापाशीच होते. नापास मी झालो होतो, निकाल तुझ्या नावावर लागला. मला याची फार लाज वाटते. तू पुढे दुसरीकडे शिकलीस, आणि आज डोंगरातल्या त्या वळणांवरून भरलेला टँकर नेतेस, त्यात माझा वाटा शून्य आहे, हे मी इथे लेखी देतो.

बाकी विशेष काही नाही. ताई रोज शाळेच्या वेळेला दारासमोर उभी राहून रस्ता पाठ करते. निघायला नऊ आठवडे आहेत. ती चष्मा काढून मला विचारते, सराव कसा चाललाय, आणि मी म्हणतो, उत्तम. काळजी घे. पाठीला शेक देत जा. टँकरला आमच्याकडून विचारलं म्हणून सांग.

तुझा,
भावोजी

ता. क. १. सहज विचारतो, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तुला रजा मिळते का?

ता. क. २. सहज नाही विचारत. अडला हरी... ही म्हण मी मुद्दाम अर्धी सोडतोय, कारण तिच्या उरलेल्या भागात दुसऱ्या पक्षाला काय म्हटलंय ते तुला ठाऊक आहे. तू गाडी चालवशील का? मी मागच्या सीटवर बसेन. शेजारी ताई बसेल, तिला नकाशा उघडायला जागा लागते. मी "ब्रेक" म्हणणार नाही. तोंडातून निघालंच, तर तिथेच लाव्हाच्या पठारावर मला उतरवून पुढे जा, मी चालत येईन.

ता. क. ३. नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटून घ्यायचा अधिकार नाही, पण मग ताईला खरं सांगावं लागेल आणि ते धैर्य माझ्यात नाही. तेव्हा उत्तर घरी नको, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठव. ताईला यातलं अक्षरही ठाऊक नाही. पाकीट उद्या तिच्याच हाती टपालात टाकायला देतोय, चिकटवून.

धाकटे, गोंद नीट लागला नव्हता. ह्यांना चालवता येत नाही हे मला लग्नापासून माहीत आहे. गाडी ठरवताना चालक म्हणून तुझंच नाव दिलं आणि तुझ्या मालकांकडे फोन करून रजाही विचारून ठेवली, पहिल्याच दिवशी. तुला कळवलं नाही, कारण हे पत्र तुला ह्यांच्या हातचं यायला हवं होतं. चार महिने लागले, पण आलं. आता तू हो म्हण. — ताई