ग्रंथपालांना विचारा

वोगसुंड, ३० ऑगस्ट

ती. गुडवेग आत्यास,
ओशिल्डचा नमस्कार. मी खुशाल आहे, तूही तशीच असावीस.

ठरल्याप्रमाणे फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर मला रडू येतं आणि तुला बोलायला सुचत नाही, त्यापेक्षा हे बरं. पोस्टाची बोट आपल्या बेटावर मंगळवारी आणि शुक्रवारीच येते, हे ध्यानात ठेवून पत्र टाकीन.

शाळा फार मोठी आहे. पहिल्या तासाला शिक्षिका आत आल्या तेव्हा तू शिकवल्याप्रमाणे मी उठून उभी राहिले. दुसरं कुणीच उठलं नाही. आता बसावं, की त्या सांगेपर्यंत उभं राहावं हे कळेना, म्हणून अर्धवट वाकून राहिले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नऊ वर्षं एकटीचाच वर्ग भरला की असं होतं.

ग्रंथालय मात्र मला आवडलं. एका खात्यावर पाठ्यपुस्तकं, ऐकायची पुस्तकं, जुनी वर्तमानपत्रं, सगळं आपापल्या लॅपटॉपवर उघडतं. पण ई-पुस्तकाची प्रत एकच असते; मी वाचत असेन तोवर ती दुसऱ्याला मिळत नाही. हे कळल्यापासून मी दोन दिवसांत पुस्तक परत करते, माझ्यामुळे कुणी खोळंबायला नको. दारावर पाटी आहे: आत खाऊ नये, मोठ्याने बोलू नये, प्रश्न असल्यास ग्रंथालयाच्या पानावर ‘ग्रंथपालांना विचारा’ या चौकटीत लिहावेत. मी लगेच लिहिला. परत केलेलं पुस्तक पुन्हा मागितलं तर ते हावरटपणाचं दिसेल का, असं विचारलं. हेर्डिस नावाच्या बाईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं, की मुळीच नाही.

मधली सुट्टी सव्वाअकरा ते बारा असते. ती मी रोज तिथेच, खिडकीखालच्या हीटरजवळ काढते. काउंटरवर पांढऱ्या वेणीच्या एक बाई पुस्तकांच्या सुटलेल्या पाठी चिकटवत बसलेल्या असतात. त्यांना मी त्रास देत नाही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ओशिल्ड


लांगस्केर, ८ सप्टेंबर

चि. ओशिल्ड हिला आत्याचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. अर्धवट वाकून किती वेळ राहिलीस ते लिहिलं नाहीस. मी मात्र हसले, आणि मग घरात हसणारी मी एकटीच आहे हे लक्षात येऊन गप्प झाले.

तुझे बाबा उत्तरेला बोटीवर आहेत, नाताळाआधी येत नाहीत. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या. दोन हरवल्या होत्या, त्यातली एक आपणहून परत आली आणि मलाच उशीर झाल्यासारखी बघत होती. तुझ्या टेबलावर सध्या लोकर पसरली आहे. टेबल मोकळं बघवत नव्हतं म्हणून, दुसरं काही नाही.

ही हेर्डिस कोण, कुठे बसते? आणि एवढ्या मोठ्या शाळेत तुझ्या वयाच्या कुणा एकीचंही नाव पत्रात नाही. पावावर चीज पातळ काप. तू जाड कापतेस आणि आठवडाअखेर नुसता पाव खातेस, मला माहीत आहे.

जपून राहा, आणि मनात ठेवून लिहू नकोस.
आत्या


वोगसुंड, २४ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार, आणि मेंढीला माझी आठवण.

हेर्डिस कुठे बसतात ते ठाऊक नाही. जिल्ह्याच्या एखाद्या कचेरीत असाव्यात. दिवसाला किती प्रश्न चालतात असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मोजदाद नसते. तरी मी दोनच विचारते. सोमवारी-मंगळवारी उत्तर येत नाही. त्या दिवशी इथलं काउंटरही रिकामं असतं, म्हणून ग्रंथालय अगदी सुनं वाटतं. परवा त्यांनी विचारलं की मी घरी आजारी आहे का, हवी असतील तर छापील पुस्तकं बसने पाठवतील. सगळ्यांनाच विचारत असतील असं वाटून मी लिहिलं की प्रकृती उत्तम आहे, आभार.

इतिहासाच्या निबंधाखाली माहिती कुठून घेतली ते सगळं लिहावं लागतं. हेर्डिसनी मला रीत शिकवली: नाव, ठिकाण, साल. मी प्रामाणिकपणे वर्तमानपत्रांच्या यादीखाली लिहिलं, ‘गुडवेग, आमचं स्वयंपाकघर, नऊ वर्षं.’ शिक्षिकेने ते वर्गात वाचून दाखवलं. कुणी वाईट हसलं नाही. पण हसले.

मग जोड्या करायला सांगितलं. मुली एकमेकींकडे नुसत्या बघतात आणि जोडी होते. मी कुणाकडे बघावं हे ठरवेपर्यंत सगळ्या संपल्या. वर्गात एकोणतीस जण आहेत, त्यामुळे यात कुणाची चूक नाही.

आहे तेवढा लोभ मला पुरतो.
ओशिल्ड


लांगस्केर, ३ ऑक्टोबर

चि. ओशिल्ड, आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. मधली सुट्टी तू रोज पूर्ण ग्रंथालयात काढतेस. ग्रंथालयात खायला बंदी आहे, आणि तू बंदी मोडणारी नाहीस. शाळा तीनला सुटते. तर तू डबा कधी खातेस?

तुला गणित मीच शिकवलं आहे. उत्तर पाठव.
आत्या


वोगसुंड, १२ ऑक्टोबर

ती. आत्यास नमस्कार.

सव्वातीनला, बसच्या थांब्यावर. मी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त लिहिलं नव्हतं. तेही खोट्यात धरायचं असेल तर धर.

जेवणघरात टेबलं भरलेली असतात. इथे बसू का, एवढंच विचारायचं असतं. मी पहिल्या आठवड्यात तीनदा दारापर्यंत गेले. ते तीन शब्द मनात इतके घोटले की त्यांचा अर्थच गेला.

सोबत एक कागद आहे. शाळा सोडायचा अर्ज. बाबा समुद्रावर असल्याने पालक म्हणून तुझी सही चालेल. पंधरा नोव्हेंबरपर्यंत कार्यालयात द्यायला हवा, नंतर हे वर्ष मोडता येत नाही. शाळा सोडल्यावर ग्रंथालयाचं खातं चालू राहतं का, हे मी हेर्डिसना विचारलं. त्याच दिवशी बंद होतं, म्हणाल्या. आणि कुणासाठी विचारतेस, असंही विचारलं. त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. खातं नसलं तरी आपली पुस्तकं आहेत, तू आहेस.

आत्या, सही कर. मी सगळं नीट करून पाहिलं.
तुझी,
ओशिल्ड


लांगस्केर, ५ नोव्हेंबर

चि. ओशिल्ड, आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. वाऱ्यामुळे बोट दोनदा आली नाही हे खरं, पण ते कारण नव्हे.

अर्ज मिळाला त्याच दुपारी मी सही केली. टेबलावरची लोकर उचलली, टेबल पुसलं, तुझी खुर्ची वरून खाली आणली. पाकीट घेऊन धक्क्यावर निघाले तेव्हा मी गुणगुणत होते. वाटेत ते माझ्याच कानांवर आलं आणि मी थांबले. तू तिकडे उपाशी बसतेस हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं, पण नंतर. आधी आनंद झाला. आधी जे वाटतं ते खरं, आणि माझं खरं असं निघालं. अशा बाईने तो अर्ज पाठवू नये, म्हणून मी परत फिरले. तीन आठवडे तो माझ्याकडेच राहिला, याबद्दल मला माफ कर.

आता सहीसकट तुलाच पाठवते आहे. द्यायचा की नाही ते तू ठरव. आलीस तर खुर्ची खालीच आहे. एक माणूस दुसऱ्याला टेबलाशी बसून जे शिकवू शकतं ते मी शिकवलं. घोळक्यात कसं बसायचं ते शिकवायला आपण दोघी पुरे नव्हतो. ती उणीव माझ्या शिकवण्यातली आहे, तुझ्यातली नाही.

एकच सांगते. त्या पांढऱ्या वेणीच्या बाईंचं नाव विचार.
आत्या


वोगसुंड, २० नोव्हेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तू कसं ओळखलंस? मला अडीच महिन्यांत कळलं नाही.

नाव विचारायचं धैर्य होईना. शेवटच्या तारखेला, बुधवारी, मधल्या सुट्टीत हीटरजवळ बसून मी चौकटीत लिहिलं की शाळा सोडायचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा. पाठवलं आणि दहा पावलांवर काउंटरवर टिंग वाजलं. बाईंनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला, वाचलं, चष्मा काढला, आणि टाइप करायला लागल्या. त्यांचं बोट उठलं तेव्हा माझ्यासमोर उत्तर उमटलं: आधी माझ्याशी बोल, तू कुठे आहेस?

मी उठून गेले आणि सांगितलं की इथेच आहे.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवून मला पाहिलं. मग म्हणाल्या की त्यांना वाटत होतं, कुठल्यातरी बेटावर अंथरुणाला खिळलेली पोर आहे. म्हणून एवढं जपून उत्तरं देत होत्या, आणि ही बया ऑगस्टपासून त्यांचाच हीटर अडवून बसली आहे. ती पाटी ग्रंथालय बंद असतानासाठी आहे म्हणे; उघडं असताना माणसाने तोंड उघडावं. मी म्हटलं, तसं पाटीवर लिहिलेलं नाही. त्यांनी जाऊन पाटी वाचली, आणि खरंच नाही म्हणाल्या.

राहा असं त्या म्हणाल्या नाहीत. अर्ज वाचून परत दिला, कार्यालय तीनपर्यंत उघडं असतं एवढं सांगितलं. मी शेवटचे तास बुडवून (पहिल्यांदाच, आणि कळवून) कार्यालयासमोरच्या बाकावर बसले. तीनला दार लागलं. मला आनंद झाला, आत्या. मग तुझी खुर्ची आठवून फार वाईट वाटलं. पण नंतर. तू लिहिलंस तसंच मी पडताळून पाहिलं.

गुरुवारी, शुक्रवारी हेर्डिसच्या मागच्या खोलीत डबा खाल्ला. त्या जेवताना बोलत नाहीत. आज सोमवार, त्या दुसऱ्या शाळेत असतात, म्हणून जेवणघरात गेले. इथे बसू का, विचारलं. एका मुलीने फोनवरची नजर न उचलता पिशवी सरकवली. नंतर कुणी काही बोललं नाही. मी जेवले. आता उद्या मंगळवार आहे.

रागावली असशील तर तेही लिही.
तुझी,
ओशिल्ड


लांगस्केर, २४ नोव्हेंबर

चि. ओशिल्ड, अनेक आशीर्वाद.

आजच्या बोटीने पत्र आलं. धक्क्यावरच उभ्याने वाचलं. रागावलेली नाही.

पोस्टाच्या आर्नफिनने विचारलं, पोर येतेय का परत. मी म्हटलं, नाही, राहतेय. मग हिवाळाभर तू एकटीच का, म्हणाला. मी हो म्हटलं. तो उगीचच दोर पुन्हा बांधत थोडा वेळ थांबला, मग बोट न्यावीच लागली.

ते हो मला नीट म्हणता आलं. एवढं कळवायला हे पत्र.
आत्या